पालथी बादली

माणसाला राग आला की तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. दुसरीच्या बाईंचं नेमकं उलटं होतं. त्यांची आग मस्तकात पेटायची आणि तिथून खाली उतरायची, आणि तिच्या मागोमाग त्यांचा आवाजही उतरायचा. साधा राग असला तर आवाज गळ्यातून यायचा, बऱ्यापैकी असला तर छातीतून. एकदा का तो जिना उतरून पार तळाशी पोचला, की ऐकणाऱ्याला वाकूनच ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला पुन्हा ताठ व्हायला दोन-तीन दिवस लागत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं दोनदाच झालं होतं. पहिल्या वेळी शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते कायमचं. बाईंचे यजमान स्वतः घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांनी ते तीनदा उघडलं, फुंकर मारली, आणि "ह्याच्यात बिघाड काही नाही, हे घाबरलंय" असं सांगून परत टांगलं. दुसऱ्या वेळी वर्गातल्या झाडून सगळ्या पाली पिल्लाबाळांसकट समोरच्या मोठ्या मुलांच्या शाळेत राहायला गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

तिसऱ्या वेळी जे झालं ते तपासणीच्या दिवशी झालं.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. बाई मुलांवर कधी रागावत नसत. सात वर्षांच्या पोरावर काय रागवायचं, त्याला अजून पुढचे दात यायचेत, असं त्या म्हणत. त्यांच्या वर्गात शिक्षा अशी एकच होती आणि गुन्हाही एकच: दुसऱ्याचा शब्द चोरणं. कोणी वाचायला उभं राहिलं आणि एखाद्या शब्दापाशी अडलं, तर बाकीच्यांनी तो शब्द सांगायचा नाही. ओठ हलवायचे नाहीत, खोकायचं नाही, भुवई उडवायची नाही. ज्याच्या तोंडून शब्द निसटला त्याने कोपऱ्यातल्या निळ्या बादलीवर जाऊन बसायचं. बादली पालथी, हात तोंडावर, आणि वाचणाऱ्याचा धडा संपेपर्यंत उठायचं नाही. आणि ज्याचा शब्द चोरीला गेला त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची, कारण फुकट मिळालेला शब्द मधे असला की ती ओळ आपली राहत नाही. "अडलेलं मूल म्हणजे काम चालू असलेलं मूल," बाई म्हणत. "चालू कामात हात घालायचा नाही, बोटं सापडतात."

एकदा बाईंच्याच तोंडून शब्द निसटला होता. त्या मुकाट्याने जाऊन बादलीवर बसल्या. बादलीला तेव्हापासून जी भेग आहे ती त्याच दिवसाची.

तर त्या वर्षी बाईंच्या वर्गात पस्तीस मुलं होती आणि बाई मात्र बहुतेक वेळ वर्गात नव्हत्या. वर्ष सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच वरून हुकूम आला, घरं मोजा. घरं मोजून झाली, तर विहिरी मोजा. विहिरी मोजून बाई वर्गात येऊन खडू हातात घेतात तोवर तिसरा हुकूम, शेळ्या मोजा. घरं आणि विहिरी एका जागी उभ्या तरी राहतात. शेळ्यांना सरकारी कामाची पर्वा नसते. बाईंनी चारशे बारा शेळ्या मोजल्या. एका शेळीने तक्त्याचं तिसरं पान खाल्लं, त्यामुळे त्या पानावरच्या शंभर शेळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या, आणि पान खाल्लेल्या शेळीच्या रकान्यात काय लिहायचं हे विचारायला तीन पत्रं पाठवावी लागली. असे एकूण एकसष्ट दिवस गेले. तेवढे दिवस वर्ग शिपाईकाकांनी सांभाळला. शिपाईकाका देवमाणूस, त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी मुलांना शिकवलं. बाई परत आल्या तेव्हा पस्तीसच्या पस्तीस मुलांना घंटेचे टोल बिनचूक देता येत होते. वाचता चोवीस जणांना येत होतं. अकरा जण मागे राहिले होते.

त्या अकरांत एकोणीस नंबरची मुलगी होती. वर्गातली पोरं तिला घुमी म्हणत, कारण शाळेत आल्यापासून दीड वर्षात तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. हजेरीला ती नुसता हात वर करायची, तोही अर्धाच. तिची आई शाळेच्या कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करायची. आई इतकं बोलायची की गिऱ्हाईक कपडे टाकून पळून जायचं. मुलीच्या वाटचं सगळं तीच बोलून संपवते, असं लोक म्हणत. बाईंना ते टोपणनाव अजिबात आवडत नसे. पण पोरांनी नाव ठेवलं की ते डांबरासारखं चिकटतं, ते काय हुकमाने निघतंय?

बाईंनी ह्या अकरा जणांना रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवायला सुरुवात केली. चार महिने. घुमी शेवटच्या बाकावर बसून पुस्तकाच्या एकतिसाव्या पानाकडे बघत राहायची. त्या पानावर छपरावर चढलेल्या शेळीचं चित्र होतं. बाईंना शेळीचं नावही नकोसं झालं होतं, तरी पोरीला तेच पान आवडलं म्हटल्यावर त्यांनीही तेच धरलं. आणि एक दिवस पोरगी उठली, बाईंच्या खुर्चीपाशी आली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि कुजबुजत पहिली ओळ वाचली. मग दुसरी. तिसऱ्या ओळीपाशी ती इतका वेळ थांबली की बाहेर शिपाईकाकांनी सगळं अंगण झाडून काढलं. पण तिने वाचलं. चार ओळी, अकरा मिनिटं.

बाई हलल्या नाहीत, कान तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मोठ्याने वाचशील?"

पोरीने मान हलवली. नाही.

"साहेब येणार आहेत तपासणीला. त्यांच्यासमोर वाचशील? मी शेजारी उभी असेन. कोणी शब्द सांगणार नाही, हा माझा शब्द."

पोरगी बराच वेळ विचार करत होती. एवढा विचार करून माणसं घर बांधत नाहीत. मग तिने मान हलवली. हो. आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली आई बाईंना वाटेत अडवून सांगू लागली की पोरगी घरी कोंबड्यांसमोर मोठ्याने वाचते, कोंबड्या कंटाळल्या, पण ती काही थांबत नाही; साहेब यायच्या दिवशी फ्रॉकला अशी घडी मारून देईन की साहेबांचं बोट कापेल.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मोठे गुरुजी शाळेचे मुख्य. माणूस गोड, इतका गोड की त्यांच्या सहीवर मुंग्या बसत. त्यांना वाईट बातमी कधी द्यावी लागत नसे, कारण ते तिला बातमी म्हणतच नसत. सोय म्हणत. छप्पर गळायला लागलं तेव्हा ते पाण्याची सोय झाली म्हणाले होते.

आता त्यांनी उद्याची सोय सांगितली. साहेब प्रत्येक वर्गात सहा मिनिटं थांबतात. शंभर टक्के मुलं वाचणारी निघाली तर शाळेचं नाव वर जातं, एक जरी अडलं तर खाली. तेव्हा दुसरीतले अकरा कच्चे उद्या शेजारच्या अडगळीच्या खोलीत बसतील. त्यांना बिस्किटं मिळतील. त्यांच्या जागी चौथीतली अकरा हुशार मुलं बसतील आणि त्यांच्या नंबरांना हजर म्हणतील. मग चौथीत अकरा कमी पडतात, तिथे समोरच्या मोठ्या शाळेतून सातवीचे अकरा आणू. त्या शाळेची तपासणी उद्या नाही, त्यामुळे तिथून कोण गेलं हे विचारायला कोणी नाही.

चौथीचे सर भिडस्त. ते हळूच म्हणाले की सातवीतल्या एकाला मिशी आहे.

मोठे गुरुजी म्हणाले, त्याला मागच्या बाकावर बसवा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की माझी एकोणीस नंबरची मुलगी उद्या साहेबांसमोर वाचणार आहे, तिला मी तसं सांगितलंय. आवाज गळ्यातला होता.

"वाचेल हो, वाचेल," मोठे गुरुजी म्हणाले. "किती वेळात?"

"अकरा मिनिटं."

"साहेबांकडे सहा आहेत, बाई. त्यांतही बाकीचा वर्ग आहे. पुढच्या वर्षी वाचेल ना, मुलगी काय कुठे पळून जात नाही. उद्या तिला बिस्किटाचा एक पुडा जास्त देऊ."

बाईंचा आवाज एक पायरी उतरला. छातीतून त्यांनी विचारलं की ही अकरा मुलं कच्ची का राहिली ते कोणी विचारणार आहे का. एकसष्ट दिवस मी कुठे होते, ते तुमच्या कुठल्या रकान्यात आहे?

ते वरचं काम होतं, मोठे गुरुजी म्हणाले. वरच्या कामाबद्दल खाली बोलू नये. आणि ते इतके गोड हसले की टेबलावरच्या चहात साखर घालायची गरज उरली नाही.

बाई घरी आल्या तेव्हा यजमान कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. त्यांचा उजवा कान कामातून गेलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी शोध लावला होता की बायको संतापली असली की उजवा कान तिच्याकडे करायचा, शांत असली की डावा. त्या संध्याकाळी त्यांनी आधी उजवा केला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि भिंग काढून डावा केला. बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना भाजी इतकी बारीक चिरली गेली की ती पातेल्यात सापडेना.

"मग उद्या काय करणारेस?" यजमानांनी विचारलं.

"वर्ग घेणार."

"कुठला? खोलीतला की अडगळीतला?"

हे बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझी मुलं असतील तिथला."

यजमानांनी टेबलावरची उघडी घड्याळं एकेक करून झाकून ठेवली. काळजी घेतलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा अशी लखलखत होती की पोरं अंगणात पाय ठेवायला घाबरत होती. घुमी फाटकातून आली. फ्रॉकची घडी खरंच तशी होती; वारा सुद्धा तिला वळसा घालून जात होता. तिच्या हातात पुस्तक, पुस्तकात एकतिसाव्या पानावर बोट, आणि बोट तिथे घरापासूनच असावं. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात शिपाईकाका आले आणि खाली बघत तिला नि आणखी दहा जणांना अडगळीच्या खोलीकडे घेऊन गेले. पोरगी जाताना दोनदा मागे वळली. तिसऱ्यांदा वळली नाही.

बाईंनी ते तिसऱ्यांदा न वळणं बघितलं. दीड वर्ष बंद असलेलं तोंड चार महिन्यांत चार ओळींपुरतं उघडलं होतं, आणि आता ते परत मिटताना त्यांना लांबून दिसत होतं. आज ते मिटलं तर पुन्हा उघडायला कुठली शेळी कुठल्या छपरावर चढवायची? आग मस्तकातून निघाली आणि जिना उतरू लागली.

वर्गात चौथीची अकरा मुलं गुडघे पोटाशी घेऊन दुसरीच्या बाकांत कोंबली होती. बाईंनी कोपऱ्यातली निळी बादली उचलली आणि चालू लागल्या. दारात मोठे गुरुजी आडवे आले. साहेब चौथीत बसलेत, पाच मिनिटांत इथे येतील, आणि तुम्ही बादली घेऊन कुठे निघालात?

"वर्गावर," बाई म्हणाल्या.

"वर्ग हा आहे, बाई."

"ह्यातले चोवीस माझे आहेत, ते तुम्ही छान सांभाळाल. बाकीचे कोणाचे आहेत ते तुम्हाला माहीत."

अडगळीच्या खोलीत मोडकी बाकं एकावर एक रचली होती, आणि उरलेल्या जागेत अकरा मुलं मांडीवर बिस्किटाचे पुडे घेऊन बसली होती. बाई आत गेल्या, बादली पालथी घातली. मागे दार लागलं आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. शिपाईकाका दाराच्या फटीतून म्हणाले, माफ करा बाई, मला तसं सांगितलंय.

त्या कडीच्या आवाजाबरोबर बाईंचा आवाज शेवटची पायरी उतरला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मोडक्या बाकांचे खिळे आपोआप निम्मे बाहेर आले आणि खोलीतला एकुलता एक उंदीर अंग चोरून दाराच्या फटीखालून निघून गेला. अकरा मुलांनी बिस्किटं चावणं थांबवलं.

आता त्या खोल्यांची रचना ध्यानात घ्यायला हवी. दुसरीचा वर्ग आणि अडगळ ही पूर्वी एकच मोठी खोली होती. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत घातलेली, तीही छतापर्यंत न पोचणारी. पलीकडे कोणी उसासा टाकला तरी अलीकडे पाठ गार पडायची. मोठ्या गुरुजींनी अकरा मुलांना आवाज करू नका म्हणून बजावलं होतं, बिस्किटांनी तोंडं भरून ठेवली होती, चौथीच्या अकरांना कोणत्या नंबरला हजर म्हणायचं ते घोकून घेतलं होतं. सगळी सोय झाली होती. एकच गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली, कारण त्यांनी वीस वर्षांत स्वतः हजेरी घेतली नव्हती. शाळेतल्या मुलाला काहीही विसरायला लावता येतं. पण आपला नंबर पुकारला गेला की तो 'हजर' म्हणतो. तो झोपेत म्हणतो, तापात म्हणतो, न्हाव्यापुढे मान वाकवलेली असताना म्हणतो.

पलीकडे खुर्ची सरकली. साहेब वर्गात आले होते. साहेब म्हणजे किडकिडीत, घाईतला माणूस, बगलेत फायली. नुकतेच ते चौथीत मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याला वय विचारून आले होते, आणि त्याने खर्जात "दहा" असं उत्तर दिल्यापासून ते जरा गप्पच होते. त्यांनी हजेरीवही मागून घेतली.

"नंबर एक?"

हजर.

दोन, तीन हजर.

"नंबर चार?"

"हजर," वर्गातून आवाज आला. "हजर," भिंतीतून आवाज आला, आणि त्याबरोबर बिस्किटाचा भुगा फळ्यांच्या फटीतून साहेबांच्या फायलीवर पडला.

साहेबांनी मान वर केली. मोठे गुरुजी म्हणाले की प्रतिध्वनी आहे साहेब, जुनं बांधकाम.

पाच आणि सहा एकेकदाच हजर झाले. सात दोनदा झाला. आठ एकदा. नऊ दोनदा, आणि भिंतीतला नऊ जरा जास्त जोरात.

"ही भिंत निवडून निवडून बोलते," साहेब म्हणाले.

बाईंनी मुलांना उत्तर द्या असं सांगितलं नव्हतं. गप्प बसा असंही सांगितलं नव्हतं. त्या फक्त घुमीकडे बघत होत्या. नंबर अठरा झाला.

"नंबर एकोणीस?"

वर्गातली चौथीची मुलगी हजर म्हणाली. भिंतीतून काही आलं नाही. घुमीचा हात सवयीने वर गेला, अर्धाच, मग त्या हाताच्या ध्यानात आलं की मधे भिंत आहे आणि पलीकडच्या माणसाला आपण दिसत नाही. पोरीने हाताकडे बघितलं. बाईंकडे बघितलं.

"हजर," ती म्हणाली.

आवाज बारीक होता, पण फ्रॉकच्या घडीसारखा. फळ्यांतून आरपार गेला. पलीकडच्या चोवीस मुलांनी एकदम श्वास आत ओढला, आणि कोणीतरी न राहवून म्हणालं, "घुमी बोलली."

साहेबांनी वही मिटून फायलींबरोबर बगलेत मारली. ते उठले, बाहेर आले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कडी काढली.

आत अकरा मुलं, एक बादली आणि बाई. बाई बोलल्या तेव्हा साहेबांना वाकावं लागलं.

"हा दुसरीचा वर्ग," बाई म्हणाल्या. "तिकडचा मांडलेला आहे. ही माझी एकोणीस नंबरची मुलगी. ती चार ओळी वाचणार आहे, तिला अकरा मिनिटं लागतात. तुम्ही उभे राहून ऐका किंवा बसून."

साहेबांनी मनगटाकडे बघितलं. घड्याळ बंद पडलं होतं. ते म्हणाले, वाचू दे.

एव्हाना चोवीस मुलं आणि त्यांच्यामागे चौथीची अकरा दारात गोळा झाली होती. मोठे गुरुजी घाम पुसत होते, आणि तो घाम सुद्धा गोड असावा, माश्या येत होत्या. घुमी उभी राहिली. पुस्तक उघडलं. बोट जागेवरच होतं.

"शेळी... छ... छपरावर... चढली."

कोंबड्यांना ऐकवून घटवलेली ओळ होती ती. मग दुसरी. "छ..." पहिल्या ओळीतलं छपरावर तिच्या ओळखीचं होतं, पण दुसऱ्या ओळीत त्याच घरातलं दुसरं माणूस उभं होतं, तिथे ती थांबली. पुस्तकाकडे बघत राहिली. कोणी हललं नाही. कोपऱ्यावर इस्त्रीवाली आई गिऱ्हाइकाशी बोलत होती ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

"छप्पर," मोठे गुरुजी मायेने म्हणाले. "छप्पर, बाळ."

दारातल्या चोवीस मुलांनी कपाळावर हात मारले. घुमीने बोट उचललं, परत पहिल्या ओळीवर ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. "शेळी..."

"अगं पुढे वाच," मोठे गुरुजी म्हणाले. "सांगितलं ना तुला."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. मोठ्या गुरुजींना वाकावं लागलं, आणि ते वाकले ते भिंतीला टेकूनच राहिले, बादलीपर्यंत पोचलेच नाहीत.

पुन्हा पहिली ओळ. पुन्हा दुसरी. ह्या वेळी तिने ते माणूस ओळखलं. "छ... प्प... छप्पर म्हणाले... खाली... उ..." आणि पुन्हा थांबली. साहेब माणूस वाईट नव्हते. पण सहा मिनिटांची सवय अंगात भिनलेली, त्यांचे ओठ आपोआप हलले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उतर."

अडगळीतल्या बाकीच्या दहा मुलांनी आणि दारातल्या चोवीस मुलांनी एकाच वेळी बोट उचललं आणि निळ्या बादलीकडे दाखवलं.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी नियम सांगितला. शब्द चोरला की बादली, हात तोंडावर, धडा संपेपर्यंत. ह्या वर्गात तो सगळ्यांना आहे, ह्या बादलीवर मीही बसलेय. साहेबांनी फाईल छातीशी धरली, बादलीवर बसले आणि हात तोंडावर ठेवला. बादलीची जुनी भेग बोटभर वाढली.

घुमीने तिसऱ्यांदा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आता तोंडं सगळ्यांचीच बंद होती, त्यामुळे शब्द पळून जायला जागा नव्हती. किती वेळ लागला ते मोजायला तिथे चालू घड्याळ राहिलं नव्हतं. कोणी म्हणतं पंधरा मिनिटं. चौथीचे सर शपथेवर सांगतात की मधल्या काळात त्यांच्या वर्गातल्या मिशीवाल्याला दाढी आली. पण ती वाचत गेली, एकेक अक्षर उचलून, दोन्ही बाजूंनी बघून, मग खाली ठेवत.

"शेळी छपरावर चढली. छप्पर म्हणाले, खाली उतर. शेळी म्हणाली, नाही. मला इथूनच सगळे दिसते."

तिने पुस्तक मिटलं. बोट आत राहिलं होतं, ते नंतर काढलं.

साहेबांनी तोंडावरचा हात काढला. "छान," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. मग त्यांनी फाईल उघडली, एकोणीस नंबरच्या ओळीवर पेन टेकवलं आणि वाचनाच्या रकान्यात लिहिलं: मंद.

बाईंना उलट्या बाजूने वाचायची सव्वीस वर्षांची सवय होती.

"खोडा ते," त्या म्हणाल्या.

साहेब बसल्या जागी वाकले. ते समजावू लागले की बाई, हे काही वाईट नाही, रकान्यात बसेल असा एक शब्द लागतो, वेळ तर लागलाच ना तिला. बरं, तुम्ही सांगा, काय लिहू?

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "ती दीड वर्ष गप्प होती. मी एकसष्ट दिवस शेळ्यांमागे होते. उरलेल्या दिवसांत तिने तिचे शब्द स्वतः शोधले, तुमच्यासमोर, तीनदा पहिल्यापासून. तुम्हाला एकच शोधायचाय. शोधा. आम्ही थांबतो."

आणि सगळे थांबले. मुलांना थांबणं येत होतंच; ती ओठ न हलवता, भुवई न उडवता साहेबांकडे बघत राहिली. साहेबांनी मंद खोडलं. पेन रकान्यावर फिरलं, उचललं गेलं, परत टेकलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मोठ्या गुरुजींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर घुमीने त्यांच्याकडे बघून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी तोंड मिटलं.

बऱ्याच वेळाने साहेबांनी लिहिलं. बाईंनी उलट्या बाजूने वाचलं: वाचते.

त्या हसल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. राग होता तिथेच होता, तळाशी, आणि तो चढून वर येण्याची काही चिन्हं नव्हती. साहेब सुटकेचा श्वास टाकून बादलीवरून उठू लागले.

"बसा," बाई म्हणाल्या. "अजून दहा जण आहेत. कोणाला एक ओळ येते, कोणाला अर्धी, एकाला फक्त स्वतःचं नाव. येतं तेवढं सगळं ऐकून जा. जे येत नाही ते शेळ्यांपाशी राहिलंय, तेही लिहून घ्या, रकाना नसेल तर आखा."

साहेब बसले. बाईंनी हजेरीवही त्यांच्या मांडीवरून उचलली.

"नंबर चार," त्या म्हणाल्या. मुलांशी बोलायचा त्यांचा नेहमीचा, वरचा, साधा आवाज.

"हजर," नंबर चार म्हणाला, आणि तोंडातलं बिस्कीट गिळून उभा राहिला.